चढावरचा व्हॉल्व्ह

गाडी मागे गेली ती जेमतेम दोन हात. पण मागे केळीचा ट्रक होता, आणि आमच्या दोघांच्या मध्ये आमची लेक विधी बसली होती.

जळगावच्या रेल्वे उड्डाणपुलावर सकाळी शाळेच्या वेळेला रांग लागतेच. त्या दिवशी वर कुणाची तरी रिक्षा बंद पडली आणि आम्ही ऐन चढावर अडकलो. योगेंद्रचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, उजवा पाय घोट्यात अधू आहे. दोन वर्षांपूर्वी ते काम करतात त्या ठिबकच्या कंपनीत पाइपांचा गठ्ठा घसरून पायावर आला. हाड जुळलं, ताकद काही परत आली नाही. मोटारसायकलचा मागचा ब्रेक नेमका उजव्या पायाखाली. तो त्यांना एकदा जोर देऊन दाबता येतो, धरून ठेवता येत नाही. अर्ध्या मिनिटात घोटा थरथरायला लागतो. पुढचा ब्रेक धरावा तर त्याच हातात ॲक्सिलरेटर.

रांग हलली, योगेंद्रनी ब्रेकवरून पाय काढला, आणि क्लच सुटेपर्यंत गाडी मागे घरंगळली. ट्रकचा हॉर्न माझ्या पाठीतच वाजला. मी विधीला काखेत मारलं आणि उडी टाकली. गाडी ट्रकच्या बंपरला टेकून थांबली. नंबर प्लेट वाकली, तेवढंच.

ट्रकवाला खिडकीतून वाकून म्हणाला, "ओ साहेब, गाडी चालवता का ढकलगाडी?"

आजूबाजूचे हसले. योगेंद्रही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. उरलेला पूल मी विधीला कडेवर घेऊन चालत ओलांडला.

"दोनच हात तर गेली मागे," संध्याकाळी ते म्हणाले.

"तिसरा हात नव्हताच मागे. ट्रक होता."

मी घाबरट आहे हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. गॅस बंद केलाय का ते मी तीनदा बघते. विधी गाढ झोपली असली की तिच्या नाकापुढे बोट धरते. माझी सावद्याची आई म्हणते, बीएस्सी करून हिचा एवढाच फायदा झाला, आधी नुसती भीती वाटायची, आता भीतीची शास्त्रीय नावं माहीत झाली. त्यामुळे मी 'विधी आता त्या गाडीवर बसणार नाही' असं म्हटलं तेव्हा योगेंद्रनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा काढलं नाही. पण मी खरंच आठ दिवस तिला रिक्षाने नेलं, आणि मग ते गप्प राहायला लागले. पाय अधू झाल्यापासून कंपनीने त्यांना लाइनवरून उठवून व्हॉल्व्ह तपासायच्या टेबलावर बसवलं होतं. आता लेकीला शाळेत सोडायचं कामही हातातून गेलं.

मोबाइलवर मला सापडलं की महागड्या गाड्यांना चढावर आपोआप ब्रेक धरून ठेवणारी सोय असते. आम्ही शोरूमला गेलो. तिथल्या माणसाने आमच्या गाडीकडे बघितलं, योगेंद्रच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ते कंपनीतूनच येतं. नंतर बसत नाही."

"बसवणारं कुणी?"

"असेल कुणी. पण मी नाही सांगणार."

आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने जास्त सोपा उपाय सांगितला. "ताई, तुम्ही मागे बसता ना? एक वीट घेऊन बसत जा. गाडी थांबली की टाकायची चाकामागे."

परत येताना योगेंद्र मध्येच थांबले. रस्त्याकडेला, इंजिन चालू ठेवून. मला वाटलं पाय दुखला. ते म्हणाले, "सारिका, विहिरीतल्या मोटारीला फूट व्हॉल्व्ह का असतो?"

"पाणी परत खाली जाऊ नये म्हणून."

"मग ब्रेकचं ऑइल परत का जाऊ द्यायचं?"

त्या क्षणी ते किती वर्षांनी तरुण दिसले ते मी सांगू शकत नाही.

आमच्या गाडीला मागेही डिस्क ब्रेक आहे. पेडल दाबलं की नळीतून ऑइल चाकाकडे जातं, सोडलं की परत येतं. योगेंद्रनी त्या नळीत बोटाएवढा पितळी व्हॉल्व्ह बसवला. त्याला एक छोटा कॉक. कॉक आडवा केला की बंद: ऑइल चाकाकडे जाणार, परत येणार नाही. चढावर थांबलं की कॉक आडवा करायचा, पेडल एकदाच दाबायचं आणि पाय मोकळा. चाक धरलेलं राहतं. क्लच उचलला की कॉक उभा करायचा, गाडी सुटते. नळी लांबवून कॉक डाव्या बाजूला, हँडलजवळ आणलेला, क्लच धरलेल्या हाताच्या बोटांना येईल असा. व्हॉल्व्हच्या आत दोन काळ्या रबरी रिंगा. त्या त्यांनी कंपनीतल्या टेबलावरच्या डब्यातून आणल्या होत्या, ठिबकच्या व्हॉल्व्हमध्ये घालतात त्याच.

"हे रबर ऑइलमध्ये चालेल?" मी विचारलं.

"अगं, उन्हातान्हात शेतात वर्षानुवर्षं टिकतात या रिंगा."

"पाण्यात."

"पाणी काय नि ऑइल काय. दाब महत्त्वाचा. दाब मी तपासलाय." ते हसले. "तुला वीट देऊ का?"

मीही हसले. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली. पुढे एक प्रश्न विचारायचा होता, तो मी विचारला नाही.

रविवारी पहाटे आम्ही पुलावर चाचणी घेतली. रस्ता मोकळा होता. ऐन चढावर त्यांनी गाडी थांबवली, कॉक आडवा केला, पेडल दाबलं आणि दोन्ही पाय उचलून फूटरेस्टवर ठेवले. मी बाजूला उभी राहून गाडी तिरकी होणार म्हणून हात पुढे केले. गाडी मागे गेली नाही. योगेंद्रनी तोल सावरत पाय खाली टेकला आणि ओरडले, "बघ!" सोमवारी विधी परत आमच्या मध्ये बसली. चढावर थांबलो की ती म्हणायची, "बाबा, पाणी बंद करा."

प्रेमराजने ते पुलावरच पाहिलं. प्रेमराज आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहायचा. त्याच कंपनीत पाइपांच्या लाइनवर. शिरपूरकडचा, घरात अहिराणी. त्याची बायको रत्ना पिको-फॉल करायची आणि दुपारी आठ महिन्यांच्या मुस्कानला घेऊन माझ्याकडे यायची. रत्ना म्हणजे माझ्या अगदी उलट. पोर पलंगाच्या कडेला लोळत असली तरी हिचं मशीन चालू. "पडस ते उठस, ताई," म्हणायची. पडते ती उठते.

"योगेंद्रभाऊ, हे माझ्या गाडीला पाहिजे," प्रेमराज म्हणाला. "हिचं माहेर डोंगरात. खिंड चढताना हिला उतरून गाडी ढकलावी लागते."

"मी कथी ढकलस?" रत्ना म्हणाली. "ढकलता तुम्ही. मी हसस फक्त."

योगेंद्रनी आमच्यानंतर दहा दिवसांनी त्याच्या गाडीला व्हॉल्व्ह बसवला. त्याच पितळेचा, त्याच डब्यातल्या रिंगा. गल्लीतले पाच-सहा जण भोवती उभे. कुणी 'इंजिनिअर' म्हणालं, कुणी 'पेटंट घ्या' म्हणालं. योगेंद्र पाय दुमडून जमिनीवर बसले होते, त्यांच्या कपाळावर घाम आणि चेहरा असा की मला गंमत वाटली. रत्ना घरातून हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली आणि तिने त्या व्हॉल्व्हला कुंकू लावलं. नवीन वस्तूला लावतात तसं. मग आमच्या गाडीच्यालाही लावलं, "ह्याला कोणी लावलंच नाही," म्हणत.

वास मला पहिल्यांदा पुढच्या सोमवारी आला.

विधीला सोडून घरी आलो. गाडी अंगणात लावली आणि मी भाजीची पिशवी काढायला वाकले. करपलेला, कडवट वास. मागच्या चाकाजवळ हात नेला तर धग लागली. डिस्कवर थुंकी टाकली असती तर चर्र झाली असती. मी योगेंद्रना हाक मारली.

"ब्रेक गरम होणारच," ते म्हणाले. "थंडीत बरं वाटतंय ना हाताला?"

"कॉक उभा आहे. म्हणजे ब्रेक सुटलेला पाहिजे. मग चाक हातानं का फिरत नाही?"

त्यांनी चाक फिरवून पाहिलं. फिरलं, पण जड. "पॅड नवीन आहेत," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "झालं तुझं सुरू?"

मी वाद घातला नाही. डब्यातल्या उरलेल्या रिंगांपैकी एक घेतली, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत थोडं ब्रेक ऑइल ओतलं, तिच्यात ती टाकली आणि बरणी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली. दुसरी रिंग बाहेर ठेवली, तुलनेला. कॉलेजातली सवय. मंगळवारी, बुधवारी विधीला रिक्षाने नेलं. योगेंद्रनी विचारलंही नाही.

गुरुवारी सकाळी बरणी उघडली. रिंग बाहेर काढली आणि कोरड्या रिंगेशेजारी ठेवली. ती फुगली होती. नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतकी. बोटांत दाबली तर भिजलेल्या मनुक्यासारखी गुबगुबीत. पाण्यात जी रिंग वर्षानुवर्षं तशीच राहते ती ब्रेक ऑइल पिते. मी ती योगेंद्रच्या हातावर ठेवली. ते कामावर जायला निघाले होते, हातात हेल्मेट.

त्यांनी ती दोन बोटांत दाबून पाहिली. मग हेल्मेट खाली ठेवलं, पाने काढले आणि आमच्या गाडीचा व्हॉल्व्ह खोलला. आतल्या दोन्ही रिंगा फुगून ऑइलच्या वाटेत बसल्या होत्या. कॉक उभा असो की आडवा, एकदा गेलेलं ऑइल धड परत येतच नव्हतं. म्हणजे चाक सतत धरलेलं, धरलेलं म्हणून तापलेलं, तापलं की ऑइल आणखी फुगणार, आणखी धरणार. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते आधीच कळलं होतं.

जुनी नळी परत बसवून झाली तेव्हा दहा वाजले होते. त्यांची पहिली पाळी बुडाली होती.

"प्रेमराजला फोन करा," मी म्हणाले.

"करतो."

"आत्ता करा."

"काय सांगू?" त्यांनी हात पुसले. "रिंगा कंपनीच्या, मी उचललेल्या. तो लाइनवर उभा राहून सगळ्यांना सांगणार. आधीच मला टेबलावर बसवलंय, सारिका. नंतर टेबलही राहणार नाही."

"पण त्याची गाडी..."

"त्याच्यात दहा दिवसांनी बसवला. आपली आत्ता कुठे गरम व्हायला लागली. म्हणजे त्याला अजून दहा दिवस आहेत." हा हिशेब त्यांनी इतक्या शांतपणे सांगितला की मला तो बरोबर वाटला. "सोमवारी आमची दोघांची एकच पाळी आहे. गाड्या स्टँडला लागल्या की मी त्याचा व्हॉल्व्ह काढून घेतो. म्हणतो, सुधारणा करायचीय. कुणाला काही कळायला नको."

"रविवारी ते रत्नाच्या माहेरी चाललेत."

"मग?"

"डोंगर आहे."

"दहा दिवस," ते म्हणाले.

मला ते माहीत होतं, हे इथे लिहिलं पाहिजे. रत्नाने मला महिनाभर आधीपासून सांगितलं होतं: रविवारी मुस्कानचं जावळ काढायचं, मामाच्या मांडीवर, माहेरी. चौघी बहिणी येणार होत्या. ती खिंड, तो पलीकडचा उतार, ते नाल्यावरच्या फरशी-पुलाचं वळण, सगळं तिने मला हाताने दाखवलेलं. मला ते सगळं माहीत होतं आणि मला हेही माहीत होतं की बरणीतली रिंग फुगायला दहा दिवस लागले नव्हते, तीन लागले होते.

मग मी का नाही सांगितलं? योगेंद्रनी सांगू नको म्हटलं म्हणून, हे खरं आहे. त्यांची नोकरी, हेही खरं. पण त्या गुरुवारी दुपारी आम्ही विधीला शाळेतून आमच्या गाडीवरून आणलं, मी चाकाला हात लावला, ते गार होतं, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागली. माझं पोर वाचलं होतं. त्यापुढची काळजी मी दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवून दिली, आणि ती घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

शुक्रवारी दुपारी रत्ना आली नाही, तिला खरेदी होती. शनिवारी संध्याकाळी मी मोबाइल हातात घेतला. लिहिलं, 'गाडी नेऊ नका, बसने जा.' पुसलं. ती विचारणार, का? लिहिलं, 'व्हॉल्व्ह जरा बघून घ्या.' तेही पुसलं. प्रेमराज उठून योगेंद्रकडेच येणार. शेवटी लिहिलं, 'जपून जा.' आणि पाठवलं.

लगेच उत्तर आलं. 'आते कसानं भ्याव ताई. भाऊनी कॉक दियेल शे ना.' पुढे हसणारा चेहरा.

आता कसली भीती. भाऊंनी कॉक दिलाय ना.

रविवारी अकराला प्रेमराजचा फोन योगेंद्रच्या मोबाइलवर आला. प्रेमराज नव्हता, कुणीतरी दुसराच माणूस बोलत होता. शेवटचा नंबर लावला म्हणाला. खिंडीच्या पलीकडे, गावाची घरं दिसायला लागतात तिथल्या वळणावर गाडी घसरली. बाई दगडावर आपटली. पोरगी बाईच्या पोटाशी होती, तिला खरचटलंही नाही. जखमींना धुळ्याला नेताहेत.

रत्ना धुळ्याला पोचली नाही.

योगेंद्र दुपारीच धुळ्याला गेले. दोन दिवस तिकडेच होते. प्रेमराजच्या मांडीचं हाड मोडलं होतं, त्याच्यापाशी रात्रंदिवस बसले, औषधं आणली, रत्नाच्या भावांबरोबर स्मशानात गेले. सगळं केलं. मंगळवारी पोलिसांकडे पडलेली गाडी बघायला म्हणून गेले आणि संध्याकाळी घरी आले. त्यांनी डब्याची पिशवी ओट्यावर ठेवली आणि आंघोळीला गेले. मी डबा धुवायला काढला. डब्याच्या खाली, रुमालात गुंडाळलेला, तो व्हॉल्व्ह होता.

पितळेवर अजून कुंकू होतं. कॉकच्या खाचेत, जिथे बोट पोचत नाही तिथे. कॉक उभा होता. उघडा. मी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिले. आत पाणी चालू होतं आणि त्या आवाजाखाली योगेंद्र ओकत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या हातात काय आहे ते पाहिलं.

"नाल्यात टाकून येतो," ते म्हणाले.

"मी ठेवते," मी म्हणाले. त्यांनी विरोध केला नाही. त्यांचं वजन तीन दिवसांत उतरल्यासारखं दिसत होतं. त्यांना शिव्या द्याव्यात असं खूप वाटलं, पण शिव्यांमध्ये अर्धा वाटा माझा होता.

तेराव्याला आम्ही बसने गेलो. विधीला आईकडे सावद्याला ठेवलं. प्रेमराजचं गाव शिरपूरपासून आत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या. दारात मांडव होता. योगेंद्र बाहेर पुरुषांमध्ये बसले, मी आत गेले.

रत्नाची आई, ताईबाई, भिंतीला टेकून बसली होती. तिने मला जवळ बसवलं, माझा हात धरून ठेवला. "मन्ही पोर तुमनं नाव लेत व्हती," म्हणाली. "सारिकाताई अशी, सारिकाताई तशी. बठ्ठी तयारी व्हयेल व्हती व माय. मामा वाट दखत बठेल व्हता." सगळी तयारी झाली होती, मामा वाट बघत बसला होता. समोर मुस्कान रांगत होती. तिचं जावळ तसंच होतं, वाढलेलं. केस डोळ्यांत येत होते आणि ती ते सारखे मुठीने बाजूला सारत होती. कुणी तिच्या केसांना हात लावला नव्हता. तिला बघून प्रत्येक बाई पदर तोंडाला लावत होती.

प्रेमराज आतल्या खोलीत खाटेवर. मांडीपासून प्लास्टर. मला बघून उठायला गेला.

"पडून राहा, भाऊ."

"वहिनी, तुमचा मेसेज आहे तिच्या फोनमध्ये." तो पहिल्यांदा हेच बोलला. उशीखालून त्याने रत्नाचा मोबाइल काढला, काचेला तडा गेलेला. "शेवटचा. बाकी सगळ्यांनी साड्या, जेवण, किती वाजता निघणार हेच विचारलं. तुम्ही एकट्यांनी लिहिलं, जपून जा. मी रोज वाचतो."

मी मान खाली घातली. त्याला वाटलं मी रडतेय.

"जपून नाही गेलो ना मी," तो म्हणाला. "खिंडीवर थांबलो. तिला पाणी प्यायचं होतं. गाडी चढावर उभी केली, कॉक आडवा केला. चढताना जड लागत होती, मी म्हटलं तिघं आहोत, चढ आहे. ती म्हणाली, ते दखा, आपलं गाव दिसस. मी बसलो, निघालो. उताराला वळणावर मागचं चाक जाम झालं, वहिनी. एकदम. जसं कुणी काठी घातली." त्याने हात उचलून दाखवलं आणि तो हात तसाच हवेत राहिला. "मी कॉक उघडायला विसरलो. मला वाटत होतं उघडला. बोटांना आठवतंय उघडल्याचं. पण योगेंद्रभाऊंनी जाऊन बघितलं. कॉक बंद होता म्हणाले. ते म्हणाले, होतं असं, प्रेमराज, कुणाचंही होतं. एवढा मोठा मनाचा माणूस. एक शब्द बोलले नाहीत मला."

बाहेर मांडवात कुणीतरी पाण्याचे ग्लास वाटत होतं. मुस्कान दारापर्यंत रांगत आली आणि उंबऱ्याला धरून उभी राहायला बघत होती.

"मी मारलं तिला," प्रेमराज म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "दोन बोटांचं काम होतं. मुस्कान मोठी झाली की तिला काय सांगू? तुझ्या बापाला कॉक उघडता आला नाही?"

व्हॉल्व्ह माझ्या पर्समध्ये होता. तो मी का आणला हे घरातून निघताना मला माहीत नव्हतं. कदाचित योगेंद्र तो नाल्यात टाकतील या भीतीने. मी उठून दार ओढून घेतलं, मुस्कानला उचलून त्याच्या खाटेच्या कडेला बसवलं आणि पर्स उघडली.

"प्रेमराजभाऊ," मी म्हणाले, "तुम्ही कॉक उघडला होता."

मी तो त्याच्या हातात दिला. कॉक उभाच होता, मी त्याला बोट लावलं नव्हतं. मग कागदाच्या पुडीतून दोन रिंगा काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या, एक कोरडी आणि एक बरणीतली. सांगावं लागलं नाही. आठ वर्षं तो त्या कंपनीत आहे. त्याने दोन्ही चिमटीत धरल्या, दाबल्या, एकीवर एक ठेवून पाहिल्या.

"ऑइल प्याली," तो म्हणाला.

"हो."

"चाक मी नाही धरलं."

"नाही. तुम्ही काहीच केलं नाही."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटलं. मुस्कानने हात पुढे करून रिंग पकडायला पाहिलं, त्याने मूठ मिटली. मग माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं की आता तो कोणता प्रश्न विचारणार आहे. दार मी ओढून घेतलं होतं तेव्हाच मला ते कळलं होतं.

"ही रिंग," तो हळू म्हणाला, "ही गाडीतली नाही. ही धुतलेली आहे. ही तुम्ही घरी भिजवली."

"हो."

"कधी कळलं तुम्हाला?"

बाहेरून योगेंद्रचा आवाज आला. ते कुणाला तरी विचारत होते, परतीची बस किती वाजता आहे.

"गुरुवारी," मी म्हणाले. "सकाळी."

प्रेमराजने बोटं दुमडली. गुरुवार. शुक्रवार. शनिवार. तिसऱ्या बोटावर थांबला. मग त्याने तडा गेलेला मोबाइल उचलला, माझा मेसेज उघडला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. वाचून दाखवा, म्हणाला.

मी वाचून दाखवलं.

तो म्हणाला, "परत."